गोठ्यात कोबा टाकण्याआधी

सिमेंटची चौकशी नंतर करा. आधी म्हशी कुठं बांधणार ते ठरवा. कोबा ओतायला अर्धा दिवस पुरतो, पण त्यावर जनावर उभं करायला किमान दोन आठवडे थांबावं लागतं. तेवढे दिवस दुभती म्हैस शेजाऱ्याच्या परड्यात पान्हा सोडेल का, हे गवंड्याला विचारून उपयोग नाही. वळीव सुरू व्हायच्या आत काम उरकायचं, आणि शेतीपंपाची लाईट दिवसा असेल तो आठवडा धरायचा.

मग खोदाई. नदीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं की तेही फुटतं. निदान फूटभर माती काढा, मुरूम भरा, ६ इंचाच्या थराला पाणी आणि धुम्मस. वर दगडी सोलिंग, म्हणजे हातानं लावलेल्या दगडांचा थर. दावणीच्या कड्या, पाण्याचा पाइप, मुताची नाली आत्ताच बसवून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात छिन्नी हातात येते. उतार गव्हाणीकडून नालीकडे, दर ५ फुटाला १ इंच. "अंदाजानं बसतंय की" असं कुणी म्हणालं तरी लेव्हल ट्यूब (उतार मोजायची पाणी भरलेली नळी) स्वतः धरा.

मालाचं म्हणाल तर १० बाय २० फूट, ४ इंच जाडी आणि १:२:४ प्रमाणाला (सिमेंट, वाळू, खडी) ५० किलोची १२ पोती सिमेंट, साधारण ०.३ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) क्रश सँड, ०.६ ब्रास २० एमएम खडी. मी एक पोतं जादाच आणतो. पोत्यामागं पाणी २५ ते २८ लिटर. माल पातळ असला की ओढायला हलका, म्हणून गडी पाणी वाढवतात. मिक्सरपाशी घरचं माणूस हवं.

आणि पाण्याचं बॅरल हुंगून बघा. आपल्याकडं गुऱ्हाळावरची काकवीची बॅरलं घरोघरी असतात. साखर सिमेंटला सेट होऊ देत नाही; पोत्यामागं २५ ग्रॅम गेली तरी तास लांबतात. आमच्या गोठ्याचा एक कोपरा दुसऱ्या दिवशीही बोटानं दबत होता, तो असल्याच बॅरलमुळं.

गवंड्याला घोटाई नको हे आधीच सांगा. गुळगुळीत कोब्यावर म्हैस घसरते. खराट्यानं खरखरीत करून अर्ध्या इंचाच्या खाचा पाडून घ्यायच्या, ८-१० फुटांवर सांधा ठेवायचा. झाकायला धुतलेली गोणपाटं आदल्या दिवशीच काढून ठेवा, १४ दिवस ओली ठेवायचीत. साखरेची किंवा खताची पोती मात्र घेऊ नका.