परदेशी दुकान आपल्या घरात कसं मावतं: रिटेलमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाणे-नवी मुंबईत राहून रिटेलचं काम शिकायचं असेल तर आधी मोजायची टेप विकत घ्या. तुर्भे स्टेशनजवळ आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचं दुकान डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालं. तिथे डबल बेडच्या गादीचं माप सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, १५० बाय २०० किंवा १८० बाय २००. तिथून निघून वाशीतल्या किंवा ठाण्यातल्या गादीवाल्याकडे जा. तो इंचात बोलतो: ७२ बाय ७२, ७२ बाय ७५, ७२ बाय ७८. ७८ इंच म्हणजे १९८ सेंटिमीटर, तेवढं चालून जातं. पण घरातली ७५ इंची गादी २०० सेंटिमीटरच्या पलंगात टाकली की पायथ्याशी साडेनऊ सेंटिमीटरची फट उरते. वर ७२ इंच रुंदी म्हणजे १८३ सेंटिमीटर, त्यामुळे १८०च्या चौकटीत गादी बाजूंनी दाटते आणि कडेला फुगते. गिऱ्हाईक म्हणतं, 'पलंगच चुकीचा दिला.'

हीच गोष्ट आयकियाने अमेरिकेत अनुभवली आहे. तिथलं पहिलं दुकान १९८५ साली फिलाडेल्फियाजवळ उघडलं आणि सेंटिमीटरच्या पलंगांवर तिथल्या चादरी बसेनात. पाण्याचे पेले इतके लहान होते की लोक फुलदाण्या नेऊन त्यातून पाणी प्यायला लागले.

परदेशी ब्रँड इथे आल्यावर काय बदलतात, यावरच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये बहुतेक जण मेन्यू आणि दिवाळीची सजावट यांवर दहा पानं खर्च करतात. हे बदल करायला सगळ्यात सोपे असतात. खरी मेहनत लागते ती माप, घरकामाची पद्धत, कायदा आणि कॅलेंडर या चार ठिकाणी. त्यातही घरकामाची पद्धत लोकांच्या घरी गेल्याशिवाय कळत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादचं दुकान उघडण्याआधी आयकियाची माणसं सुमारे हजार घरं पाहून आली होती. तुम्ही बारा बघा. चार घरं नेरूळ-ऐरोलीकडच्या सिडकोच्या जुन्या वसाहतीतली, चार नौपाड्यातल्या जुन्या इमारतींतली आणि चार घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधली. ओळखीतून जा, आधी विचारून जा आणि फोटो काढायचा असेल तर परवानगी घ्या.

'तुम्हाला काय आवडतं?' हा प्रश्न विचारू नका. त्याला सगळे चांगलंच उत्तर देतात. 'दाखवा' म्हणा. पाच लिटरचा कुकर कुठे ठेवता, दाखवा. कुकरची उंची मोजा आणि ज्या ड्रॉवरमध्ये तो मावत नाही त्याची खोलीही मोजा. ओट्याची उंची मोजा. आपल्याकडचा ओटा बहुधा ३२ ते ३४ इंचांचा असतो, तर युरोपातलं किचन ३५-३६ इंचांच्या आसपास. पाच फूट उंचीच्या बाईला दोन इंच उंच ओट्यावर पोळ्या लाटायला लावा, दहाव्या पोळीला खांदे दुखायला लागतात. कारण लाटताना जोर वरून द्यावा लागतो, त्याला कोपर ओट्याच्या बरंच वर असावं लागतं. भाजी चिरायला तोच ओटा अडचणीचा वाटत नाही. म्हणून 'ओटा ठीक आहे का?' असं विचारून काही हाती लागत नाही. पोळ्या लाटताना बघावं लागतं.

मग खाली वाकून कपाटाचे तळाचे दोन इंच बघा. लादी रोज पुसली जाते, सणावाराला पाणी ओतून धुतली जाते. भुशाच्या दाबलेल्या बोर्डाच्या कडेची पट्टी एकदा सुटली की बोर्ड पाणी पितो, फुगतो आणि पुन्हा कधीच बसत नाही. पावसाळ्यातल्या दमटपणाने त्यात भर पडते. अशा घरासाठी पायांवर उचललेलं कपाट किंवा खाली प्लास्टिकची पट्टी हवी.

शेवटचा प्रश्न प्रत्येक घरी विचारा: पाहुणे मुक्कामाला आले की कुठे झोपतात? वन-बीएचकेमध्ये याच्या उत्तरावर सोफा, गाद्यांची वळकटी आणि पलंगाखालचा बॉक्स हे सगळं ठरतं. सोफा-कम-बेड दुकानात उघडून पाहिला तर छान वाटतो. घरी तो पूर्ण उघडायला टीपॉय बाहेर न्यावा लागतो का, हे टेपने बघा.

इथे चुका ठरलेल्या होतात. तुम्ही येणार म्हणून घर आवरलेलं असतं, म्हणून माळा आणि बाल्कनी दाखवायची विनंती करा. स्वयंपाकघराबद्दल घरातला पुरुष उत्तरं द्यायला लागला तर ती लिहू नका, जी व्यक्ती तिथे उभी राहते तिलाच विचारा. आणि घरकाम करणाऱ्या मावशींशी बोलायला विसरू नका. दिवसाला पाच-सहा घरांतलं फर्निचर सरकवून त्याखालचं पुसणारी दुसरी कोण आहे?

बाहेरची उदाहरणं वाचताना कारण नीट तपासा. अमेरिकेची वॉलमार्ट १९९७ मध्ये जर्मनीत गेली आणि २००६ मध्ये आपली ८५ दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला विकून निघाली. वर्गात सांगितलं जातं की दारात हसून स्वागत करणं आणि सामान पिशवीत भरून देणं जर्मनांना रुचलं नाही. ते खरं आहे, पण मला ते दुय्यम वाटतं. वॉलमार्टचं सगळं बळ कमी किमतीत, आणि तिथे आल्दी ही जर्मन किराणा साखळी आधीच घराजवळच्या छोट्या दुकानातून स्वस्त विकत होती. २००० साली जर्मन स्पर्धा आयोगाने दुधासारख्या काही वस्तू खरेदीच्या किमतीखाली विकायला मनाई केली. रविवारी दुकानं बंद ठेवावी लागत ते वेगळंच. घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या अमेरिकी होम डेपोचं चीनमध्ये असंच झालं. २००६ मध्ये १२ दुकानं घेतली आणि २०१२ मध्ये उरलेली ७ मोठी दुकानं बंद केली. 'स्वतः करा' हे त्यांचं तत्त्व, आणि तिथला माणूस कारागीर बोलावतो. आपणही सुताराला फोन करतो, म्हणून इथे सुट्या भागांचं फर्निचर विकणाऱ्याला जोडून देणारी माणसं पुरवावीच लागतात.

कायद्याचं थोडक्यात. एकाच ब्रँडच्या दुकानांत परदेशी कंपनीला १०० टक्के मालकी मिळते, पण ५१ टक्क्यांच्या वर गेल्यास खरेदीतला ३० टक्के माल भारतातून घ्यावा लागतो. सोर्सिंगच्या, म्हणजे माल पुरवणारे शोधण्याच्या, नोकऱ्या त्यातूनच येतात. अनेक ब्रँड विकायचे तर मर्यादा ५१ टक्क्यांची आणि वर राज्याची संमती. घाऊक व्यापाराला १०० टक्के मुभा आहे, म्हणून मेट्रो २००३ मध्ये घाऊक दुकान म्हणून आली. न्हावा शेवाला उतरलेल्या पॅकबंद मालावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि ग्राहक सेवेचा संपर्क नसेल तर तो विकता येत नाही. दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत लागते आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत.

कॅलेंडरमध्ये परदेशी मुख्यालयं हमखास अडकतात. त्यांचे रिपोर्ट 'मागच्या वर्षीचा हाच आठवडा' अशी तुलना करतात. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पुन्हा १४ सप्टेंबरला. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातली विक्री एका वर्षी गणपतीची असते, तर दुसऱ्या वर्षी पितृपक्षातली. अशा वेळी तारखेऐवजी चतुर्थीपासूनचे दिवस मोजून तुलना करा आणि तो तक्ता साहेबांना आधीच पाठवा.

पहिली नोकरी बहुधा आयटम मास्टर, म्हणजे प्रत्येक वस्तूची माहिती आणि मापं असलेली सिस्टीममधली यादी, भरायची मिळते. तिला कमी लेखू नका. अमेरिकेची टार्गेट ही दुकानांची साखळी २०१३ मध्ये शेजारच्या कॅनडात गेली, भाषाही बऱ्याच अंशी तीच, तरी जानेवारी २०१५ मध्ये १३३ दुकानं बंद करत असल्याचं तिला जाहीर करावं लागलं. त्यामागच्या कारणांत एक हेही होतं की वस्तूंची मापं सिस्टीममध्ये चुकीची भरली होती, इंच-सेंटिमीटरची सरमिसळ आणि लांबी-रुंदीची अदलाबदल. गोदामं भरलेली आणि शेल्फ रिकामे. म्हणून पहिल्या आठवड्यात पंचवीस खोके स्वतः मोजा, सिस्टीममधल्या मापाशी ताडून पाहा, आणि एक जरी चुकलेला निघाला तर त्या पुरवठादाराचा सगळा माल पुन्हा मोजून घ्या.