सड्यावरचा परका दगड

आमच्या कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, दगड दोनच: जांभा आणि रस्त्याची खडी. म्हणून बोराएवढा, गुळगुळीत, मधाच्या रंगाचा तुकडा दिसला की मी थांबतो. जांभा भोकाभोकांचा, त्याला असली धार येतच नाही. मग हा इथे कोणीतरी आणलेला, बहुधा अश्मयुगातल्या माणसाने घडवलेलं चिमुकलं अवजार.

शोधायला मार्च बरा. गवत वाळून बसलेलं असतं. सकाळच्या तिरप्या उन्हाकडे तोंड करून चालायचं, तुकडा आपणच चकाकतो. लगेच उचलू नका. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, मोबाइलचं लोकेशन चालू करून फोटो घ्या. कॉलेजात असताना मी चाळीसेक तुकडे डब्यात भरून आणले होते. जाणकाराचा पहिलाच प्रश्न, "यातला कुठला कुठे होता?" मी गप्प. तो डबा अजून माळ्यावर आहे.

आता गुडघे टेकून बघा. एका टोकाला घाव बसलेली चिमुकली सपाट जागा, तिच्याखाली फुगवटा, तिथून पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा. पाठीवर आधी उडालेल्या छिलक्यांच्या खाचा. खडीलाही कधी फुगवटा असतो, फसायला होतं. पण तिच्या खाचा कशाही, इथे ओळीने, एकाच दिशेने. धारेवरची वेगळ्या रंगाची ताजी खाच बहुधा गुरांच्या खुराची.

एकट्या तुकड्यावरून फार कळत नाही, दहा पावलं फिरा. छिलक्यांचा कचरा आणि गाभाही (ज्यातून छिलके काढले तो दगड) सापडला तर अवजारं तिथेच घडवली. नुसती पाती असतील तर बहुधा तयार आणली. गाभा अंगठ्याच्या पेराएवढा होईतो झिजवला असेल तर चांगला दगड सहज मिळत नव्हता. अर्धचंद्राकृती तुकडा मिळाला तर वाकडी कड बोटाने चाचपा: ती मुद्दाम बोथट केलेली, लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवायला. सरळ कड कापायची. अशी पाती ओळीने लावत. एक गेलं की तेवढंच बदलायचं. आमच्या कोयतीला ही सोय नाही!

मध्याश्मयुगातल्या, म्हणजे शिकारीवर जगणाऱ्या माणसांची ही खास कारागिरी. कणकवली तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेतही उत्खननात दगडी अवजारं मिळाली. मात्र जवळ कातळशिल्प (सड्याच्या कातळात कोरलेलं चित्र) आहे म्हणून तुकडा ते कोरणाऱ्यांचाच, असं ठोकून देऊ नका.

फोटो पुरातत्त्व विभागाला पाठवा. दगड होता तिथेच, त्याच कुशीवर ठेवा.