यादीतील नाव आणि पारावरची माणसे : जनमत सर्वेक्षणातील माझी सुरुवात

राज्यशास्त्रात एम.ए. करीत असताना मी अन्वेषक म्हणून, म्हणजे घरोघरी जाऊन सर्वेक्षणाचे प्रश्न विचारणारी म्हणून, पहिल्यांदा विदर्भातील एका गावात गेले, तेव्हा माझ्याजवळ प्रश्नावल्यांचा गठ्ठा आणि मतदार यादीतून निवडलेली वीस नावे होती. मतदान झाले होते, मतमोजणीला तीन दिवस उरले होते. पारावर बसलेली मंडळी बोलायला उत्सुक होती. यादीतील बहुतेक बाया मात्र कापूस वेचायला गेल्या होत्या. पारावरच प्रश्नावल्या भरून घेतल्या असत्या तर दुपारीच काम संपले असते, पण हाती आले असते ते दुपारी मोकळ्या असलेल्या पुरुषांचे मत, गावाचे नव्हे. मी संध्याकाळपर्यंत थांबले.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी हेच आधी सांगते की, नमुना, म्हणजे सर्वांच्या वतीने ज्यांना प्रश्न विचारले जातात ती निवडक माणसे, किती मोठा आहे यापेक्षा तो कसा निवडला आहे याला अधिक महत्त्व आहे. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या आणि २० लाखांहून अधिक परत आल्या, तरीही राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरतील हा त्याचा अंदाज साफ चुकला, कारण त्याच्या याद्यांत टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांचा भरणा होता आणि उत्तर पाठविण्याची तसदी घेणारेही सर्व मतदारांसारखे नव्हते. आपल्याकडे दिल्लीच्या ‘सीएसडीएस’ (सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज) या संशोधन संस्थेतील ‘लोकनीती’ या निवडणूक-अभ्यास गटाच्या अभ्यासांत आधी मतदारसंघ, मग मतदान केंद्रे आणि शेवटी यादीतील ठरावीक अंतरावरची नावे निवडण्याची पद्धत रूढ झाली. यादीत १००० नावे असतील आणि २० हवी असतील, तर दर पन्नासावे नाव घ्यायचे. ते माणूस घरी नाही म्हणून शेजाऱ्याला विचारणे म्हणजे ही सगळी मेहनत वाया घालविणे होय.

दुसरी अडचण भाषेची, आणि मला ती आजही सर्वांत कठीण वाटते. ‘सरकारच्या कामावर आपण कितपत समाधानी आहात?’ या प्रश्नाला ‘पूर्ण समाधानी’, ‘काहीसे समाधानी’ असे पर्याय छापलेले असतात, आणि समोरची आजी म्हणते, “बरं चाललंय.” यात समाधान आहे, सोसणे आहे, की पाहुण्याशी बोलण्याची रीत आहे? अशा वेळी अर्थ लावण्याचा मोह टाळून पर्याय पुन्हा जसेच्या तसे वाचावेत, आणि तरीही उत्तर मिळाले नाही तर ‘सांगता येत नाही’ अशीच नोंद करावी. लोकांचा कल वर्षानुवर्षे पाहायचा असेल, तर प्रश्नाचे शब्दही तेच ठेवावे लागतात; ‘विश्वास’च्या जागी कोणी ‘समाधान’ लिहिले की आकड्यांतील बदल लोकांमुळे झाला की शब्दामुळे, हे कळेनासे होते. नवरा शेजारी बसून बायकोची उत्तरे देऊ लागला, तर त्याला नम्रपणे थांबवावे. कोणाला मत दिले हे तोंडी न विचारता नमुना मतपत्रिकेवर खूण करून ती पेटीत टाकायला सांगण्याची पद्धत अशा घरांत फार उपयोगी पडते.

विश्लेषणाकडे वळणाऱ्यांनी एक हिशेब पक्का ठेवावा. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निव्वळ योगायोगाच्या, पद्धतीने निवडलेल्या १००० जणांच्या नमुन्यात टक्केवारी साधारण ३ अंकांनी इकडेतिकडे होऊ शकते; त्यातील १०० तरुणांविषयीच बोलायचे झाले, तर ही मर्यादा १० अंकांच्या घरात जाते. मतांची टक्केवारी जवळपास बरोबर आली तरी तिच्यावरून काढलेल्या जागा चुकू शकतात, कारण जागा कोणाला किती मिळणार हे मते कुठे एकवटली आहेत यावरही ठरते.

सांख्यिकीचा पाया आणि ‘आर’ किंवा ‘एसपीएसएस’ या आकडेवारीच्या संगणक प्रणालींपैकी एकीची सवय असली की नोकरीची दारे उघडतात. मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते. पुण्यात गोखले संस्थेला सामाजिक-आर्थिक पाहण्यांची जुनी परंपरा आहे. तरीही अर्ज करण्यापूर्वी एकदा तरी अन्वेषक म्हणून गावोगाव हिंडावे. त्या संध्याकाळी यादीतील अकराव्या क्रमांकाची बाई कापसाचे गाठोडे उतरवून ओसरीवर बसली आणि “मलाच विचारायला आलात ना?” असे तिने दोनदा विचारून घेतले, मग चाळीस मिनिटे ती एकेका प्रश्नावर थांबून, विचार करून बोलत राहिली.