मेंढरं पाला खाईनात, मग काय केलं

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मेंढरं फारशी कोण पाळत नाही, मी हौसेनं घाटावरनं सहा आणली आणि मार्च-एप्रिलात नुसत्या भाताच्या पेंढ्यावर ती अशी सुकली की पाठीचा कणा हाताला टोचायला लागला. पेंढ्यात प्रोटीन जेमतेम ४ टक्के, कुळागराच्या (नारळ-पोफळीच्या बागेच्या) वईला, म्हणजे कुंपणाला, गिरीपुष्पाची झाडं, त्याच्या पाल्यात सुकं वजन धरलं तर २० च्या आसपास, म्हणून तोच तोडून टाकला तर सगळ्यांनी हुंगून तोंड फिरवलं! वास उग्र ना. मग पाला रात्रभर सावलीत पसरून कोमेजवला, वरनं गुळाचं पाणी शिंपडलं, पहिल्या दिवशी मूठभरच, मग हळूहळू वाढवत चाऱ्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत नेला. आता टोपली दिसली की अंगावर धावतात मेली. सुबाभळीचा पाला मात्र जपून, त्यात मिमोसीन नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त झालं की लोकर गळते.