भाच्याच्या हाती एकट्याने होडी देण्याआधी

मालवण-देवबागकडे पावसाळा सरत आला की घरात विषय निघतोच: पोरगा आता हाताशी आलाय, यंदा त्याला एकट्याला होडी द्यायची का? पोरगा म्हणतो, मला सगळं येतं. येत असेलही. पण मामा-काका शेजारी बसलेले असताना चालवणं वेगळं आणि तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख म्हणून एकट्याने निर्णय घेणं वेगळं. हे सगळं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या लहान फायबर होडीपुरतं लिहितोय. ट्रॉलरचं गणित निराळं.

सगळ्यात आधी पोहणं, आणि तेही तलावातलं नव्हे. समुद्रात, अंगावरच्या कपड्यांसकट, लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरवा आणि कोणी हात न देता होडीत चढायला सांगा. भल्याभल्यांची इथेच दमछाक होते. चढता आलं नाही तर होडीच्या काठाला दोराची शिडी लागणार, हे त्याच दिवशी कळतं.

मग कागद. होडीवर पैसे देणारे पर्यटक बसणार असतील तर गोष्ट घरगुती राहत नाही. महाराष्ट्र सागरी मंडळाकडची नोंदणी, होडीची तपासणी, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि विमा, हे सगळं त्याच्या नावाशी जुळतंय का ते बघून घ्या. अठरा पूर्ण नसतील तर माझ्या मते ‘एकट्याने’ हा शब्दच नको.

आता शिकायचं कुठे? मासेमारीच करायची असेल तर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण चांगलं, कारण त्यात नौकानयनाबरोबर डिझेल इंजिनाची देखभालही येते. पर्यटनाकडे कल असेल तर गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे छोटे कोर्स असतात. मुंबई-पुण्याकडची किंवा परदेशात राहणारी मंडळी ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा ‘पॉवरबोट लेव्हल टू’ सुचवतात. दोन दिवसांचा आहे, शिकवतात नीट, आणि बारा वर्षांच्या मुलालाही करता येतो. मात्र सोळाच्या आतल्या मुलाच्या प्रमाणपत्रावर मोठ्या माणसाच्या देखरेखीची अट असते. भिंतीवर फ्रेम लावण्याआधी ती ओळ वाचा.

नाव कुठलंही असो, पैसे भरण्याआधी एकदा जाऊन तासभर बघत बसा. एका होडीत किती मुलं कोंबतात? प्रत्येकाच्या हातात सुकाणू किती वेळ राहतं? तुमच्या होडीला इंजिनाचा दांडा आणि तिथे गोल स्टिअरिंग असेल तर हाताची सवय उलटी लागेल, कारण दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. आणि एक प्रश्न प्रशिक्षकाला नक्की विचारा: मुद्दाम इंजिन बंद पाडून दाखवता का? ‘आमच्याकडे असं होतच नाही’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

कारण सरळ पाण्यावर सरळ होडी कोणीही नेतो. शिकवायचं असतं ते बाकीचं. ओहोटीच्या ओढीत धक्क्याला न आपटता लागणं. माणूस पाण्यात पडला तर वाऱ्याकडे तोंड करून हळू जवळ जाणं आणि तो हाताशी आला की इंजिन बंद करणं, कारण इंजिनाच्या पंख्याला माणूस आणि मासा यातला फरक कळत नाही. किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद पाडणारी लाल दोरी मांडीला किंवा जॅकेटला अडकवल्याशिवाय इंजिनाला हात न लावणं. चालवणारा फेकला गेला आणि दोरी मोकळी असली, तर रिकामी होडी गोल फिरत त्याच्याच अंगावर येते. इंजिन चालू झालं की मागे वळून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार पडतेय का ते बघायची सवय लागली पाहिजे. धार थांबली म्हणजे बहुधा पाणी घेण्याच्या जाळीत प्लास्टिक किंवा शेवाळ अडकलंय. तेव्हाच इंजिन बंद केलं तर पाच मिनिटांचं काम, नाहीतर हजारोंचं.

आणि नदीचं मुख. देवबागला कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे ओहोटीचं बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडतं आणि लाट उभी राहून फुटते. तासाभरापूर्वी गुळगुळीत असलेली जागा ती हीच. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ओढ जास्त, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला कमी. रोजची भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हे पोराला तोंडपाठ हवं, मोबाइलवरचा तक्ता असला तरी. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची पाण्याखालची खडपं तर कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. त्यासाठी गावातला एखादा जुना तांडेलच गाठावा लागतो, आणि तो शिकवायला सहसा नाही म्हणत नाही.

वेळही निवडायला हवी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा इंजिन उघडून शिकावं, गाठी माराव्यात, दिव्यांचे नियम पाठ करावेत: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. पाण्यावरचा सराव ऑक्टोबरनंतर, पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर सुरू करून. मग मुद्दाम दुपारी, वायव्येचा वारा चढल्यावर परत आणायला लावा.

कोर्स करून परत आल्यावर घरचा भाग. तुम्ही होडीत बसा, पण हात मांडीवर आणि तोंड बंद. हेच सगळ्यात अवघड आहे. तो चुकेल, चुकू द्या, फक्त माणसाला इजा होण्याआधी बोला. निघायचं की नाही हे एके दिवशी त्यालाच ठरवू द्या. बंदरात तीन नंबरचा, म्हणजे वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा बावटा लागलाय, गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभं आहे आणि तो ‘नाही’ म्हणाला, तर तयारी झाली असं मी समजेन. ‘मामाला विचारतो’ म्हणाला तर अजून थोडं थांबा.

पहिल्या काही फेऱ्यांना हद्द ठरलेली असू दे. कुठपर्यंत जायचं, किती वाजता परत, मित्र बरोबर नाहीत, जॅकेट अंगात, ढिगाखाली नाही. तेलाचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेला हात न लावण्यासाठी. नांगर आणि पुरेसा दोर, वल्ही, शिट्टी, टॉर्च, पाणी, आणि व्हीएचएफ रेडिओ असेल तर संकटात हाक मारायचं सोळा नंबर चॅनेल चालू. किनाऱ्यावर एक माणूस नेमा, ज्याला परतीची वेळ माहीत आहे. वेळ टळली आणि फोन लागत नसेल, तर त्याने आधी नातेवाइकांना विचारत बसायचं नाही, थेट तटरक्षक दलाचा 1554 लावायचा.