अमेरिकन स्टोनवेअरच्या छोट्या प्रतिकृती जमवताना: आधी बूड बघा, मग भाव विचारा

लोणच्याची चिनी मातीची बरणी, वरून तपकिरी आणि खाली पांढरट, ज्यांच्या घरात होती त्यांना अमेरिकन स्टोनवेअर परके वाटणार नाही. तिकडे एकोणिसाव्या शतकात खारवलेले मांस, आंबवलेली कोबी, लोणी आणि व्हिनेगर याच जातीच्या भांड्यांत राहायचे. त्यांच्या तळहातावर मावणाऱ्या प्रतिकृती म्हणजे मोठ्या माणसांची भातुकलीच. फक्त या भातुकलीत फसवणूक भरपूर चालते.

१. एकच घराणे निवडा. ‘जे आवडेल ते’ घेत गेलात तर सहा महिन्यांत शोकेस भरते आणि तुलना कशाशीच करता येत नाही. सुरुवातीला तीन चांगले पर्याय आहेत. मिनेसोटातील रेड विंग, जिथला कारखाना १९६७ साली बंद झाला. इलिनॉयमधील मनमथची वेस्टर्न स्टोनवेअर, १९०६ साली सात कारखाने एकत्र येऊन झालेली, मेपलच्या पानाच्या शिक्क्याची. आणि व्हरमाँटमधील बेनिंग्टनचे नॉर्टन घराणे, राखाडी अंगावर निळी नक्षी. नवख्याने रेड विंगपासून सुरुवात करावी, कारण तिथे ताडून बघायला माल भरपूर सापडतो.

२. मोठे भांडे आधी ओळखा. क्रॉक म्हणजे सरळ भिंतींचे, रुंद तोंडाचे भांडे. जग म्हणजे अरुंद तोंडाचा, एका कानाचा. चर्न म्हणजे लोणी काढायचे उंच भांडे, ज्याच्या झाकणाला रवीच्या दांड्यासाठी भोक असते. एवढे पुरे.

३. माप घ्या. बाहुलीघराचे प्रमाण १:१२. लांबी बारा पट कमी झाली की आकारमान १,७२८ पट कमी होते. म्हणून पाच गॅलनच्या क्रॉकच्या (सुमारे १९ लिटर) प्रतिकृतीत साधारण ११ मिलिलिटर पाणी मावायला हवे, म्हणजे चहाचे दोन चमचे. औषधाच्या सिरिंजने भरून बघा. भिंती जाड असतील तर कमी मावेल, ते चालते. पण अंगावर ‘५’ लिहिलेला क्रॉक उंच आणि सडपातळ असेल तर करणाऱ्याने मूळ भांडे पाहिलेलेच नाही. पाच गॅलनचा क्रॉक जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद असतो.

४. जुनी की नवी, हे ठरवा. खरा घोळ इथे आहे.

बाजारात तीन गोष्टी एकाच फळीवर मांडलेल्या असतात: कारखान्यांनी त्या काळी जाहिरातीसाठी काढलेले छोटे जग, आजची प्रामाणिक प्रतिकृती, आणि शिक्का घासून जुनी म्हणून खपवलेली प्रतिकृती. पहिलीचा भाव तिसरीला मोजणे ही नेहमीची चूक.

‘साच्याची शिवण दिसली की नकली’ हा सल्ला विसरा. जाहिरातीचे जुने छोटे जगही साच्यातूनच निघायचे. ‘ग्लेझला (भांड्यावरच्या काचेसारख्या थराला) बारीक तडे म्हणजे जुने’ हाही तितकाच फसवा. ग्लेझ आणि माती थंड होताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत की कालच भट्टीतून निघालेल्या भांड्यालाही तडे जातात, आणि चहात बुडवून ते रंगवता येतात. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा तड्यांवरून फिरवा. बोळ्यावर लगेच तपकिरी उतरले तर भांडे परत ठेवा.

भरवशाचे हत्यार म्हणजे व्हर्नियर कॅलिपर. जुन्या छोट्या जगावरून साचा काढून त्यात माती ओतली की ती वाळताना आणि भाजताना साधारण दहा टक्के आकसते. मूळ जग ७६ मिलिमीटर उंच असेल तर नक्कल ६८-६९ भरते. खात्रीच्या जुन्या नगाची उंची, बुडाचा व्यास आणि कानाची रुंदी वहीत टिपून ठेवा. तिन्ही मापे एकाच प्रमाणात कमी भरली की संशय उरत नाही.

मग भांडे उलटे करा आणि दहापटीचे भिंग लावा. खरी झीज जिथे बूड टेकते त्या कडेवरच असते आणि ओरखडे सगळ्या दिशांना जातात. पॉलिशपेपरची झीज एकाच दिशेने, सारखी, आणि टेकत नाही अशा खोलगट भागातही दिसते. मधोमध फिकट, किंचित दबलेला डाग असेल तर तिथे कधीतरी करणाऱ्याचे नाव होते.

बिनग्लेझच्या बुडावर पाण्याचा थेंब सोडा. स्टोनवेअरवर तो टिकून राहतो. काही सेकंदांत मुरला तर ती कमी तापमानाला भाजलेली साधी माती आहे. हाताला हलके आणि कोमट लागले तर ते रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ. निळी नक्षी वरून रंगवली असेल तर मागच्या बाजूला अ‍ॅसिटोनचा बोळा लावताच रंग सुटतो. भट्टीत भाजलेला कोबाल्टचा निळा रंग हलत नाही. रेझिनवर अ‍ॅसिटोन लावू नका, पृष्ठभाग खराब होतो.

नॉर्टनसारख्या मिठाच्या ग्लेझच्या वस्तूत आतही डोकावा. भट्टी तापली की मीठ आत टाकायचे; त्यातला सोडियम मातीतल्या सिलिकाशी मिळून संत्र्याच्या सालीसारखा थर बनवतो. ती वाफ भांड्याच्या आत नीट पोचत नाही, म्हणून मोठ्या भांड्यांना आतून ऑल्बनी स्लिप, म्हणजे पातळ मातीचा गडद तपकिरी लेप, दिलेला असे. आतूनही राखाडी असलेली प्रतिकृती वरवरची नक्कल समजा. आणि हो, सालीचा पोत लहान करता येत नाही, म्हणून छोट्या नगावर तो जरा भरड दिसला तर तो दोष नव्हे.

शिक्क्यावरचे नाव वयाचा पुरावा नाही. ‘जे. अँड ई. नॉर्टन’ हा शिक्का मूळचा १८५० ते १८५९ या काळातला, पण प्रतिकृतीवर तोच उमटवतात. उलट रेड विंग कलेक्टर्स सोसायटी १९७७ पासून सभासदांसाठी दरवर्षी आठवण म्हणून छोटे भांडे काढते, त्यावर साल असते. अशा वस्तूंत वाद उरत नाही. नवख्याने इथूनच खरेदी सुरू करावी.

५. मागवणे. विकणाऱ्याला कान वेगळा गुंडाळायला आणि झाकण वेगळ्या डबीत ठेवायला सांगा. एका खोक्यात सहा नग आले तर पाठवणीचा खर्च नगामागे आवाक्यात येतो.

६. मांडणी. धुवायला कोमट पाणी, मऊ ब्रश. फळीवर चिकटवायला मेणासारखी पुटी वापरा, दुहेरी टेप नको; ती काढताना बिनग्लेझच्या बुडाला डाग राहतो. आणि प्रत्येक नगात एक चिठ्ठी टाका: कोणी केले, कधी घेतले, तीन मापे, आणि ठळक अक्षरांत ‘प्रतिकृती’. उद्या तुमचा संग्रह विकायला निघाला तर घेणाऱ्याला शिक्का शोधत बसायला नको.