पासपोर्ट भारताचा, याचिका युरोपीय संसदेकडे

नोकरीनिमित्त म्युनिक, बर्लिन किंवा आयंडहोवनला राहणारा मराठी माणूस आपण तिथे परके आहोत, तेव्हा तिथल्या कारभाराला जाब विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे बहुधा गृहीत धरून चालतो. ते पूर्णपणे खरे नाही. १ नोव्हेंबर १९९३ रोजी अमलात आलेल्या मास्ट्रिख्ट कराराने युरोपीय संघाचे नागरिकत्व निर्माण केले आणि आज संघाच्या २७ देशांपैकी कोणत्याही देशाचा नागरिक आपोआप संघाचाही नागरिक असतो. युरोपीय संसदेच्या निवडणुकीत मतदान करण्याचा हक्क या नागरिकत्वातून येतो. तो भारतीय पासपोर्टवर मिळत नाही. संसदेकडे याचिका करण्याचा हक्क मात्र संघाच्या कामकाजाविषयीच्या मूलभूत करारातील (TFEU) कलम २२७ ने नागरिकांबरोबरच सदस्य देशात राहणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला दिला आहे. येथे पासपोर्ट नव्हे, पत्ता महत्त्वाचा.

सर्वप्रथम आपला विषय संघाच्या अधिकारक्षेत्रात येतो का, हे तपासावे; अनेक याचिका याच पायरीवर अडखळतात. घरमालकाने अनामत रक्कम परत केली नाही, ही तक्रार कितीही रास्त असली तरी तिथे चालणार नाही. विमान रद्द झाल्याची भरपाई कंपनीकडूनच मागावी लागते. परंतु संघातील विमानतळावरून निघणाऱ्या प्रवाशाला, त्याचे राष्ट्रीयत्व कोणतेही असो, २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाने दिलेले संरक्षण एखाद्या देशातील देखरेख यंत्रणा राबवतच नसेल, तर तो याचिकेचा विषय होऊ शकतो. कुटुंबाला बोलावून घेण्याबाबतचा २००३ चा निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा संघाचा कायदा, आपल्या लोकांना अधिक जवळचा वाटेल. त्यानुसार अर्जावरचा निर्णय सर्वसाधारणपणे नऊ महिन्यांच्या आत लेखी कळवावा लागतो आणि केवळ अपवादात्मक परिस्थितीतच ही मुदत वाढवता येते. डेन्मार्क आणि आयर्लंड यांना हा निर्देश लागू नाही, हे ध्यानात ठेवावे.

मजकूर लिहिताना भावना आवरून तारखा पुढे ठेवाव्यात. ‘आम्हा भारतीयांना इथे सापत्न वागणूक मिळते’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘मी भारतीय नागरिक असून मे २०२२ पासून या शहरात राहतो. पत्नीच्या निवास परवान्यासाठी मी अमुक तारखेला अर्ज केला. त्याला अकरा महिने झाले. मुदतवाढीचे लेखी कारण मिळालेले नाही. निर्देशातील मुदत पाळली जात नाही, अशी माझी तक्रार आहे.’ तक्रारीची झळ अर्जदाराला स्वतःला लागलेली असावी लागते, म्हणून मित्राच्या अडचणीवर आपल्या नावाने लिहू नये. नाव, राष्ट्रीयत्व आणि कायमचा पत्ता देणे बंधनकारक आहे. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारतीय’ लिहिताना कचरण्याचे कारण नाही. संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी कोणतीही भाषा चालते. मराठी अर्थातच त्यांत नाही.

याचिका संसदेच्या याचिका पोर्टलवर खाते उघडून किंवा सही करून टपालाने पाठवावी, कारण साध्या ईमेलने आलेली याचिका विचारात घेतली जात नाही. अर्ज भरताना नाव प्रसिद्ध करावे की नाही, हे विचारले जाते. ज्याचा परवाना ज्या कार्यालयाच्या हाती आहे त्याच कार्यालयाविषयी तो लिहीत असेल, तर नाव गोपनीय ठेवण्यात कमीपणा नाही. नोंदणीनंतर चार अंकी क्रमांक, तिरकी रेघ आणि वर्ष असा क्रमांक मिळतो. तो पुढच्या प्रत्येक पत्रात लिहावा.

त्यानंतर याचिका समिती विषय ग्राह्य आहे की नाही ते ठरवते आणि ग्राह्य असल्यास अनेकदा युरोपीय आयोगाकडून, म्हणजे संघाचा कारभार चालवणाऱ्या संस्थेकडून, माहिती मागवते. याला कित्येक महिने लागू शकतात. समिती एखाद्या देशाच्या न्यायालयाचा निकाल फिरवू शकत नाही. याचिका केल्याने स्थानिक अपिलाची मुदतही थांबत नाही. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: संसदेचे उत्तर येईल या भरवशावर अपिलाचे दिवस निघून जातात. म्हणून आधी वकिलाला विचारून अपील दाखल करावे आणि याचिका त्याच्या जोडीने चालू ठेवावी.

तक्रार एखाद्या देशाच्या खात्याविषयी नसून संघाच्याच संस्थेविषयी असेल, उदाहरणार्थ आयोगाने आपल्या पत्राला उत्तरच दिले नसेल, तर युरोपीय लोकपालाकडे जावे. तो हक्कही त्याच कराराच्या कलम २२८ नुसार रहिवाशांना आहे. मात्र त्याआधी त्या संस्थेला स्वतः लिहिलेले असले पाहिजे आणि प्रकरण कळल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार पोहोचली पाहिजे. म्हणून पाठवलेल्या प्रत्येक पत्राची तारखेसह प्रत पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी.